आजअखेर

पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक लहानसा तक्ता येतो. पहिल्या रकान्यात गावाचे नाव, दुसऱ्यात गेल्या चोवीस तासांतला पाऊस आणि तिसऱ्यात '१ जूनपासून आजअखेर'. 'आजअखेर' हा शब्द साहित्याच्या माणसाला सहसा आपला वाटत नाही. तो कचेरीतला आहे, तालुक्याच्या अहवालातला आहे. त्याला शाईचा आणि टाचणीचा वास आहे. परंतु गेली काही वर्षे मला तो मराठीतील अत्यंत नेमक्या शब्दांपैकी एक वाटू लागला आहे, आणि त्याचे कारण व्याकरणात नसून गणितात आहे.

तिसरा रकाना वरवर पाहता दुसऱ्याची केवळ बेरीज आहे. पण समजा, कुणी विचारले की १० जुलै ते २० जुलै या काळात किती पाऊस झाला? दुसरा रकाना घेऊन बसलात तर अकरा आकडे मिळवावे लागतील. तिसरा घेतलात तर २० जुलैच्या आजअखेरमधून ९ जुलैचे आजअखेर वजा करायचे, संपले. (९ जुलैचे, १० चे नव्हे. १० तारखेचे वजा केले तर १० तारखेचा पाऊसच हातचा जातो. या एका दिवसाच्या घोळात शिकाऊ मंडळी हमखास अडकतात, आणि मुरलेलीही अधूनमधून.) अकरा दिवसांचा प्रश्न असो की एकशे अकरा दिवसांचा, वजाबाकी एकच. कालखंडाच्या लांबीचा उत्तराच्या श्रमाशी काही संबंधच उरत नाही. दुसऱ्या रकान्यापाशी नसलेली ही शक्ती तिसऱ्यापाशी आहे आणि ती त्याला कुणीतरी रोज न चुकता केलेल्या एका बेरजेतून मिळालेली आहे.

संगणकशास्त्रात या तिसऱ्या रकान्याला 'प्रीफिक्स सम' म्हणतात. त्याचे भाषांतर 'उपसर्ग-बेरीज' असे कुणी करू नये एवढीच विनंती. व्याकरणाचा विद्यार्थी गोंधळेल आणि इतरांना त्या बेरजेचा उपसर्ग होतो आहे असे वाटेल. शालेय संख्याशास्त्रात 'संचित वारंवारता' हा चांगला शब्द रूढ आहेच. मला मात्र 'आजअखेर' अधिक भावतो, कारण त्यात 'आज' आहे: रांगेतल्या ज्या ठिकाणी आपण उभे आहोत तिथपर्यंतचे सगळे.

मी मराठी साहित्य शिकवतो. या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते अभियांत्रिकीची पदवी घेऊन एम.ए.ला आलेल्या एका विद्यार्थिनीने. तिने मला 'कोडफोर्सेस' या रशियन स्पर्धामालिकेतला २०१४ सालचा एक कूटप्रश्न वाचायला दिला. त्याची नायिका कुरियामा मिराई ही एका जपानी चित्रमालिकेतली मुलगी. तिने पुष्कळ राक्षस मारून पुष्कळ दगड जमवले आहेत, ते ओळीने मांडले आहेत आणि प्रत्येकाला एक किंमत आहे. ती दोन प्रकारचे प्रश्न विचारते. पहिला: ओळीतल्या अमुकाव्यापासून तमुकाव्यापर्यंतच्या दगडांची एकूण किंमत किती? दुसरा: हेच दगड स्वस्तापासून महागापर्यंत चढत्या क्रमाने लावले, तर त्या नव्या ओळीतल्या अमुकाव्यापासून तमुकाव्यापर्यंतची एकूण किंमत किती? कथा इथेच संपते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले भुंगे, हंस आणि अर्जुनाचे बाण ज्या कुळातले, त्याच कुळातले हे दगड: गणित मांडून झाले की कथानकाला निरोप.

दगड एक लाखापर्यंत असू शकतात आणि प्रश्नही एक लाखापर्यंत. प्रत्येक प्रश्नाला नव्याने बेरीज करीत बसले तर प्रकरण एक हजार कोटी बेरजांपर्यंत जाऊ शकते. त्याऐवजी प्रश्न येण्याआधीच थोडी मशागत करायची. मूळ ओळीचे आजअखेर एकदा लिहून ठेवायचे. मग ओळीची एक प्रत काढून ती चढत्या क्रमाने लावायची (लाखभर वस्तूंना हे काम सुमारे सतरा लाख तुलनांत उरकते) आणि तिचेही आजअखेर लिहून ठेवायचे. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणजे दोनपैकी एका तक्त्यातली एक वजाबाकी. युक्ती इतकीच. ती समजायला दहा मिनिटे पुरतात; पण एकाच ओळीला दोन तक्ते का लागतात, आणि त्यातला एक दुसऱ्याचे काम का करू शकत नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला.

दगडांऐवजी आपल्या ओळखीची रांग घेऊ. भगवद्गीतेच्या अठरा अध्यायांतील श्लोकसंख्या रूढ पाठानुसार अशा आहेत: ४७, ७२, ४३, ४२, २९, ४७, ३०, २८, ३४, ४२, ५५, २०, ३४, २७, २०, २४, २८, ७८. यांचे आजअखेर मांडले तर: ०, ४७, ११९, १६२, २०४, २३३, २८०, ३१०, ३३८, ३७२, ४१४, ४६९, ४८९, ५२३, ५५०, ५७०, ५९४, ६२२, ७००. आरंभीचे शून्य शोभेचे नाही. पहिल्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या प्रश्नालाही वजा करण्यासाठी काहीतरी लागते. ते शून्य नसेल तर त्या एका प्रश्नासाठी वेगळा नियम सांगावा लागेल.

परंपरेने गीतेची तीन षट्के मानली आहेत. पहिल्या षट्कात २८० श्लोक. मधल्यात, म्हणजे सातव्या ते बाराव्या अध्यायात, ४८९ वजा २८०, म्हणजे २०९. शेवटच्यात ७०० वजा ४८९, म्हणजे २११. अध्यायसंख्या सारखी असूनही पहिले षट्क इतर दोहोंपेक्षा सुमारे सत्तर श्लोकांनी जड आहे, हे दोन वजाबाक्यांत समोर येते. उलट दिशेनेही जाता येते. गीतेचा ३५० वा श्लोक कुठे सापडेल? आजअखेरचे आकडे कधीच उतरत नाहीत. त्यामुळे शब्दकोशात शब्द शोधताना आपण तो जसा मध्ये उघडतो आणि मग पुढचा किंवा मागचा भाग सोडून देतो, तसेच इथेही करता येते. ३३८ आणि ३७२ यांच्यामध्ये ३५० बसतो. म्हणजे नववा अध्याय, श्लोक बारावा. अठरा अध्यायांत हे फार तर पाच वेळा पाहून कळते. संख्या अठरा लाख असत्या तरी सुमारे एकवीस वेळा पाहणे पुरले असते.

आणि इथेच पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने कान टवकारावेत. गीतेच्या काही आवृत्त्यांत तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाच्या प्रश्नाचा एक जादा श्लोक असतो, त्यामुळे त्या अध्यायाचे ३५ आणि गीतेचे ७०१ श्लोक होतात. मूळ रांगेत बदल एकाच आकड्याचा. पण आजअखेरच्या तक्त्यात तेराव्यापासून अठराव्यापर्यंतचे सहाही आकडे बदलतात. पहिल्याच अध्यायात भर पडली असती तर अठरा बदलले असते. प्रश्न स्वस्त झाले, पण दुरुस्ती महाग झाली. ज्या संहितेत रोज नवे पाठ येत असतात तिथे ही पद्धत अवजड पडते, आणि म्हणूनच पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये एक मधली वाट मांडली. तीत प्रत्येक आकडा आरंभापासूनची बेरीज न सांभाळता लहानमोठ्या तुकड्यांची बेरीज सांभाळतो. मग प्रश्न आणि दुरुस्ती दोन्ही थोडे महाग, पण कुठलेच फार महाग नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. तेरावा अध्याय ज्या पट्ट्यात येत नाही, त्या कुठल्याही पट्ट्याचे उत्तर या जादा श्लोकाने बदलत नाही. चौदा ते अठरा या अध्यायांची बेरीज दोन्ही आवृत्त्यांत १७७ च येते, कारण ज्यातून वजा करायचे आणि जे वजा करायचे ते दोघेही एकाने वाढलेले असतात. पूर्वसंचितातला फरक वजाबाकीत गळून जातो.

आता दुसरा तक्ता. तेच अध्याय श्लोकसंख्येच्या चढत्या क्रमाने लावू: २०, २०, २४, २७, २८, २८, २९, ३०, ३४, ३४, ४२, ४२, ४३, ४७, ४७, ५५, ७२, ७८. यांचे आजअखेर: २०, ४०, ६४, ९१, ११९, १४७, १७६, २०६, २४०, २७४, ३१६, ३५८, ४०१, ४४८, ४९५, ५५०, ६२२, ७००. सर्वांत लहान नऊ अध्याय मिळून २४० श्लोक, म्हणजे निम्मे अध्याय मिळून जेमतेम तिसरा हिस्सा. तीस किंवा त्याहून कमी श्लोकांचे अध्याय किती? आठ, आणि त्यांत मिळून २०६ श्लोक. पहिल्या तक्त्याला हे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्याला प्रत्येक वेळी सगळी रांग तपासावी लागेल.

दोन्ही तक्त्यांत ११९ हा आकडा आहे. पहिल्यात तो अर्जुनविषाद आणि सांख्य या पहिल्या दोन अध्यायांचा आहे. दुसऱ्यात तो बारा, पंधरा, सोळा, चौदा आणि आठ (किंवा सतरा, कारण आठव्याचे आणि सतराव्याचे श्लोक सारखेच) या पाच लहान अध्यायांचा आहे. आकडा तोच, पण एक ११९ म्हणजे रणभूमीवर गळालेला धनुर्धर आणि त्याला मिळालेले पहिले उत्तर. दुसरा ११९ म्हणजे केवळ लहानपणाच्या नात्याने एकत्र आलेले, एकमेकांशी अन्यथा न बोलणारे अध्याय. क्रम लावणे म्हणजे शेजार बदलणे. नव्या शेजाराने काही प्रश्नांना वाट मिळते आणि काही कायमचे बुजतात, निदान त्या तक्त्यापुरते. म्हणून जाणते लोक मूळ रांगेला हात लावीत नाहीत. प्रत काढतात आणि प्रत्येक आकड्यापाशी त्याचा मूळ अनुक्रमांक ठेवतात. तुकोबांच्या गाथेच्या अखेरीस असलेली अभंगांची अकारादि सूची हेच करते. अभंग जागचे हलत नाहीत, त्यांचे क्रमांक तेवढे नव्या क्रमाने उभे राहतात.

हे सारे इतके निरुपद्रवी नाही, हे मला घरच्या एका वहीने दाखवले.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि थोडी जिरायत शेती होती. गुढीपाडव्याला ते नवी खर्चवही सुरू करीत. तीत घरखर्च, शेती, औषधपाणी आणि व्याज असे चार रकाने असत. पानाच्या माथ्यावर प्रत्येक रकान्यात 'मागील पानावरून' आणि तळाशी पानअखेरची बेरीज. १९८१ मध्ये आईचे आजारपण सुरू झाले, १९८३ मध्ये शेत विकले गेले. तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य होते: दुखण्यात शेत गेले. ते बाहेरच्या कुणाचे नव्हते, आईचेच होते. शेताचा, पावसाचा, धाकट्याच्या शिक्षणाचा विषय निघाला की ती 'माझ्या दुखण्यात शेत गेलं' असे म्हणे आणि उठून आत जाई. वडील त्यावर काही बोलत नसत. ती २०११ मध्ये गेली. वडील तिच्या आधीच गेले होते.

वह्या निघाल्या त्या घर आवरताना. धाकट्या भावाने तीन वर्षांतल्या मोठ्यात मोठ्या खर्चांची यादी केली: उतरत्या क्रमाने वीस नोंदी. सर्वांत वर इस्पितळाचे बिल होते, तिसऱ्या क्रमांकावर दुसरे. व्याजाची एकही नोंद त्या विसांत नव्हती. आईचे वाक्य जणू कागदावर उतरले. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, ती यादी बाजूला ठेवली आणि वह्यांची पाने धरली. तिला संगणकाचा गंध नाही. ती आयुष्यभर पतसंस्थेत हिशेब लिहीत होती. पाडव्याला बेरीज पुन्हा शून्यावर येत असल्याने तिला पट्टा तीन तुकड्यांत घ्यावा लागला: पहिल्या वर्षाच्या अखेरीतून दुखणे सुरू झाले त्या पानाच्या माथ्यावरचा आकडा वजा, मधले वर्ष सबंध, आणि शेवटच्या वर्षी विक्रीच्या पानापर्यंतचे. औषधपाण्याच्या रकान्यासाठी हे एकदा केले, व्याजाच्या रकान्यासाठी एकदा. चहा निवायच्या आत झाले. व्याज औषधपाण्याच्या दीडपटीहून अधिक होते. दरमहा लहान लहान रक्कम जात होती. एकही नोंद यादीत चढण्याएवढी मोठी नव्हती, पण एकही महिना सुटलेला नव्हता.

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: ते कर्जच दुखण्यासाठी काढले असेल तर? ताईने मागच्या वह्या काढल्या. व्याजाचा रकाना १९७८ पासून भरू लागला होता आणि त्याच पानावर शेतीच्या रकान्यात विहीर खणल्याची नोंद होती. त्या विहिरीला पाणी लागले नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. लहानपणी आम्ही तीत दगड टाकत असू.

भावाची यादी खोटी नव्हती. मोठे खर्च तेच होते, त्याच क्रमाने होते. उतरंड लावणारा तक्ता सुट्या नोंदीचा आकार विचारतो. ओळीने चालणारा तक्ता एखाद्या काळात काय साठत गेले ते सांगतो. एकाच्या उत्तराने दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावला, तर अठ्ठावीस वर्षे एखादी बाई विषय निघाला की उठून आत जाऊ शकते.

वाङ्मयाच्या अभ्यासात आपण हे दोन्ही तक्ते सतत वापरतो, फक्त तसे म्हणत नाही. 'या कादंबरीचा मध्यभाग रेंगाळतो' हे विधान पहिल्या तक्त्यावरचे आहे. 'या कवीच्या उत्तम पंचवीस कविता' हे दुसऱ्यावरचे. संग्रह चाळून निवडक कवितांचे पुस्तक काढणारा संपादक शेजार बदलत असतो, आणि मूळ अनुक्रमांक जवळ ठेवण्याचे कष्ट फार थोडे संपादक घेतात. संहिता संगणकावर आल्यापासून मोजणेही सोपे झाले आहे. कुठल्या शब्दाचा वापर कुठल्या प्रकरणापासून कुठल्या प्रकरणापर्यंत किती वेळा झाला, हे एका वजाबाकीत कळते. त्यामुळे आणखी एक मोह निर्माण झाला आहे. प्रश्न महाग होता तेव्हा समीक्षक पट्टा आधी ठरवत असे, कारण मोजणी एकदाच करणे परवडायचे. प्रश्न फुकट झाल्यावर शंभर पट्टे मोजून त्यांतला आपल्या मताला दुजोरा देणारा तेवढा छापता येतो. 'सातव्या ते अकराव्या प्रकरणात' असे कुणी लिहिले की मी हल्ली हळूच विचारतो: सहाव्यापासून का नाही?

याहून मूलभूत अडचण वजाबाकीची आहे. ही सारी युक्ती ज्याची वजाबाकी होते त्यालाच लागू पडते. बेरीज वजा होते. पण 'आजअखेरचा सर्वांत मोठा आकडा' ठेवला, तर त्यातून मधल्या पट्ट्यातला सर्वांत मोठा आकडा काढता येत नाही. पहिल्या आठवड्यातच अतिवृष्टी झाली असेल तर पुढे महिनाभर तो रकाना तोच आकडा दाखवत बसेल. त्यासाठी वेगळी मांडणी लागते आणि ती आहेही. रसाचे काय? दोनशे पानांपर्यंतच्या वाचनानुभवातून शंभर पानांपर्यंतचा अनुभव वजा केला, तर उरते ते मधल्या शंभर पानांचे वाचन नव्हे. अकरावा अध्याय जो वाचतो त्याच्यापाशी दहा अध्याय असतात, आणि ते वजा केले तर विश्वरूपाला पाहणारा कुणी उरत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सर, मग ते बेरजेनेही साठलेलं नसणार." मला याचे उत्तर देता आले नाही, आणि देण्याची घाईही वाटली नाही.

शेवटी एक जुनी गोष्ट, कारण आजअखेरचा विचार स्पर्धांच्या कितीतरी आधीचा आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने 'आर्यभटीया'त ज्यांची, म्हणजे ज्याला आपण आज साइन म्हणतो त्याची, सारणी दिली ती एका श्लोकात. अक्षरांनी संख्या दर्शवण्याची त्याची स्वतःची पद्धत होती, आणि त्या पद्धतीने चोवीस आकडे त्याने एका श्लोकात बसवले. पण ते ज्यांचे आकडे नाहीतच. लागोपाठच्या दोन ज्यांमधले फरक आहेत. २२५, २२४, २२२, २१९, असे उतरत उतरत ३७, २२ आणि अखेरीस ७. 'सूर्यसिद्धान्त' बेरजा देतो, आर्यभट फरक देतो. फरक लहान असतात, थोड्या अक्षरांत मावतात. पाठांतर करणाऱ्याने श्लोक म्हणत जायचे आणि मनात मिळवत जायचे: २२५, ४४९, ६७१, ८९०. आठव्या अक्षरगटापाशी १७१९ येतात, म्हणजे तीस अंशांची ज्या. आणि चोविसाव्यापाशी ३४३८, म्हणजे तिच्या नेमकी दुप्पट, सबंध त्रिज्या.